हलकं पिस्तूल

प्रकरण अठरावे

पिस्तूल हातात घेताक्षणी एलिदाला कळलं की काहीतरी चुकलंय. पण काय चुकलंय हे डोक्यात शिरेपर्यंत हात आपला नेहमीसारखा वर गेलाही होता, आणि एबेरचं पिस्तूल फडक्यात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर, माहेलाच्या पिस्तुलाशेजारी जाऊन बसलं होतं.

जेवणाच्या टेबलाशी हत्यार चालणार नाही, हा त्या घरातला तिचा एकुलता एक कायदा. नवरा पोलीस, भाऊ पोलीस, पोरगा पोलीस; पोरीला तरी अक्कल येईल असं वाटलं होतं, तर तीही पोलीस. इतर घरांत बाई दारात उभी राहून पाहुण्यांचे कोट घेते. एलिदा गालाला गाल लावता लावता कमरेचं काढून घ्यायची. इतक्या वर्षांनी कुणाचं हत्यार कुठलं हे ती डोळे मिटून सांगू शकली असती.

"मी ठेवतो ना, आई," आज दोनेक महिन्यांनी जेवायला आलेला एबेर म्हणाला होता.

"तू कधीपासून घरात काही जागेवर ठेवायला लागलास?" असं म्हणत तिनं ते त्याच्या हातातून ओढलंच होतं.

आता बटाट्यांत मेयोनेज कालवताना तिचा उजवा हात गप्प बसेना. हात म्हणत होता, ते चष्म्याच्या रिकाम्या डबीइतकं हलकं होतं. डोकं म्हणत होतं, बाई, तुझं वय झालं. बाहेर अंगणात तिचा नवरा आदेमार निखाऱ्यांवर कोकराची फासळी परतत होता आणि जावं तिथे सांगत होता तेच परत सांगत होता, की शुक्रवारपासून माहेला सब-इन्स्पेक्टर आहे, आणि या खानदानात हवालदाराच्या वर गेलेलं हे दुसरंच माणूस. पहिलं माणूस, म्हणजे एलिदाचा भाऊ दार्विन, निवृत्त कमिशनर, शेजारी खुर्चीत पाय पसरून बसला होता आणि ते 'दुसरंच' ऐकून दर वेळी मान हलवत होता, जणू बढती त्यालाच मिळाली.

एलिदानं चमचा ठेवला.

"माहेला, जरा ये गं. बटाटे बघ."

"बटाट्यांना काय झालं?"

"ये म्हटलं ना."

माहेला आली. आईनं दार लोटलं, स्टुलावर चढली, एक गाठोडं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मला सांग, मी म्हातारी झाले की काय?"

माहेलानं फडकं उलगडलं आणि ती हसली. खरंच हसली, कारण ते खेळणं होतं. प्लास्टिकचं. घोड्याजवळ काळा रंग घासला गेला होता आणि खालून भगवा डोकावत होता. बोटाला वास आला तो बुटाच्या पॉलिशचा.

मग तिचं हसू विरलं.

"हे एबेरचं आहे, आई?"

"त्यानंच दिलं."

"मग त्याचं खरं कुठंय?"

एलिदाला काय ठाऊक. ती स्टुलावरच बसली. माहेला मात्र उभ्या उभ्या पुढचं सगळं वाचत गेली. शिपायाचं सरकारी हत्यार हरवलं तर चौकशी. विकलं असेल तर तुरुंग. आणि एखाद्या अधिकाऱ्याला हे कळलं आणि त्यानं वर कळवलं नाही, तर तोही त्याच रांगेत. शुक्रवारी दुपारी सही करून ती अधिकारी झाली होती. रविवारी दुपारी तिच्या हातात भावाचं खेळणं होतं.

"आई, मला हे दाखवायला नको होतंस."

"मग कुणाला दाखवू? पाद्र्याला?"

दार उघडलं. दार्विनला बर्फ हवा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. चाळीसेक वर्षांची नोकरी. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"एबेरचं?"

माहेलानं फडकं परत गुंडाळायला घेतलं.

"हरवलंय की विकलंय?"

"मामा, हळू बोल."

"हळू कशाला बोलू? गाढव ते! कमरेला खेळणं लावून फिरतोय! रस्त्यात कुणी समोर आला असता तर काय पाणी मारणार होता त्याच्या तोंडावर?"

तो खेळणं उचलून, बर्फ न घेताच बाहेर गेला. आणि त्या घराची रीत अशी, की एकाला कळलं ते टेबलावर वाढल्याशिवाय राहत नाही.

*

एबेरची बायको रोसिना पाव कापत होती. नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या बाईला सगळ्यात शेवटी कळतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

आदेमार हातात चिमटा घेऊनच टेबलाशी आला. बायकोच्या भावानं कानात काहीतरी सांगितल्यापासून त्याचा चेहरा निखाऱ्यांहून लाल होता.

"उभा राहा, एबेर."

"काय झालं, बाबा?"

"तुझं हत्यार कुठंय?"

"आईकडे दिलं की."

दार्विननं ते खेळणं पावाच्या टोपलीशेजारी ठेवलं. काळं, फालतू, वजनच नसलेलं. जरा वारा असता तर घरंगळलं असतं. रोसिनानं ते पाहिलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पोरीनं बापाच्या पिशवीत आपलं खेळणं टाकलं असेल. ती हसायला वळली. एबेर हसत नव्हता. त्याचा चेहरा इतका पांढरा झाला होता, की तिच्या हातातली सुरी अर्ध्या पावात थांबली.

"हरवलेलं नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मी दिलं. जमा केलं. स्वतःहून."

कुणालाच अर्थ लागला नाही. त्या टेबलावर हत्यार हरवणं समजण्यासारखं होतं, विकणंसुद्धा, चोरीला जाणं तर रोजचंच. स्वतःहून देणं याला त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

"म्हणजे?" आदेमार म्हणाला. "कुणी मागितलं?"

"कुणी नाही. खात्याच्या मानसतज्ज्ञ बाई आहेत ना, त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, हे घ्या आणि मला परत देऊ नका."

"कधी?"

"जूनमध्ये."

ऑगस्ट चालू होता, ऐन हिवाळा. रोसिनानं सुरी खाली ठेवली. जूनपासून ती रोज सकाळी त्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. रोज दारात त्याच्या कमरेवर हात ठेवून म्हणत होती, सांभाळून रे. तो हात ह्या पॉलिश फासलेल्या प्लास्टिकवर पडत होता.

"मग तू रोज जातोस कुठं?"

"कामावरच. दाखल्यांच्या खोलीत. शिक्के मारतो. गुरुवारी त्या बाईंकडे जातो."

"आणि हे?"

"कोपऱ्यावर वळलो की काढून पिशवीत टाकतो. संध्याकाळी कोपऱ्यावर परत लावतो."

"सुपरमार्केटमधली पहाऱ्याची जादा पाळी बंद झाली म्हणालास. कंत्राट संपलं म्हणालास."

"हत्यार नाही, तर पाळी कोण देणार, रोसिना?"

"आणि पॉलिश? माझ्या डबीतलं?"

"हो."

सगळ्यात जास्त राग तिला त्या डबीचाच आला. रागाला कुठून तरी सुरुवात लागते.

"मला का नाही सांगितलंस?"

एबेर कधीच फार बोलणारा नव्हता. लग्नाला होकारसुद्धा त्यानं मानेनंच दिला होता.

"घरी आलो की ते कपाटात ठेवायचो. कुलूप लावून. आणि मग मला सारखं माहीत असायचं की ते तिथं आहे. जेवताना, पोरीला अंघोळ घालताना, झोपेतसुद्धा. घरात एक माणूस जागं आहे आणि ते माझीच वाट बघतंय, असं. एक दिवस कुलूप काढून त्याच्यासमोर बसलो होतो. किती वेळ ते कळलं नाही. तू बाजारातून आलीस, तुझ्या किल्लीचा आवाज झाला, म्हणून उठलो." तो थांबला. "तू उशिरा आली असतीस तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. म्हणून दिलं."

एलिदानं टेबलाची कड धरली. माहेलाच्या डोक्यातली चौकशी, कलमं, रांग, सगळं एका झटक्यात पुसलं गेलं आणि तिथं फक्त किल्लीचा आवाज उरला.

आदेमारला मात्र चिमटा खाली ठेवायचं सुचेना. "थकला असशील," तो म्हणाला. "सगळेच थकतात. मी तेहतीस वर्षं केली. नदीतून माणसं काढली, पोरं काढली. घरी येऊन दोन पेले घ्यायचे आणि झोपायचं. मला कुणी विचारलं नाही मनाचं काय चाललंय."

"तुम्ही झोपायचात कुठे?" एलिदा म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की सगळ्यांनी मान वळवली. "मोरीत बसून राहायचात. नळ सोडून. मला वाटायचं, तुम्हाला वाटतंय की मला ऐकू येत नाही."

मागे जाळीवर चरबी ठिबकून ज्वाळा उठली. कुणी उठलं नाही.

*

या सगळ्यात दार्विन तिथं नव्हता. भाचा 'स्वतःहून' म्हणाला तेव्हाच तो उठून फाटकापाशी गेला होता, फोन कानाला लावून. दार्विनचा स्वभावच तसा. रडणं, बोलणं, समजावणं ही त्याच्या लेखी बायकांची कामं. त्याचं काम निस्तरण्याचं. बहिणीचं घर त्यानं आजवर किती वेळा निस्तरलं होतं: आदेमारची बदली, माहेलाची भरती, पाण्याचा नळ. आणि मुलगा वेडा ठरला तर बहिणीच्या घराला वेड लागलं म्हणतात लोक, पासो आल्तोसारख्या गावात.

तो परत आला तो हात चोळतच.

"झालं काम. उद्या सकाळी जाऊन घेऊन ये."

"काय घेऊन ये?" एबेरनं विचारलं.

"तुझं हत्यार, आणखी काय? कार्दोसो आहे ना तिथं, माझ्या हाताखालचा पोरगा. बाई काय लिहायचं ते लिहू देत, सही त्याची चालते. फाइल बंद. कंबरदुखी होती, बरी झाली. आपल्या खात्यात सगळ्या दुखण्यांना कंबरदुखीच म्हणतात. कुणाला कळायचं नाही."

"मामा, मी परत मागितलं नाही."

"तू मागायचं नसतं, मी मागायचं. तू नुसती सही कर. दोन दिवसांत हातात घेतलंस की भीती जाईल. घोड्यावरून पडल्यावर लगेच परत बसवतात की नाही?"

"दार्विन बरोबर बोलतोय," आदेमार पुटपुटला. पण ते त्यानं बायकोकडे न बघता म्हटलं.

"बरोबर काय बोलतोय?" माहेला उसळली. "त्यानं सांगितलेलं ऐकलंत ना तुम्ही?"

"तू गप," दार्विन म्हणाला. "बढती झाली म्हणून आम्हाला शिकवू नकोस."

"उद्या तो घेऊन आला, तर मी माझ्या हातानं ते परत जमा करीन. आणि कार्दोसोचं नाव वर कळवीन. अधिकारी आहे ना मी? मग बघाच."

"आपल्याच माणसांचं?" दार्विन तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, हे सगळे करतात. उगाच डोंगर करता तुम्ही. मार्चमध्ये विल्मारचं नाही का केलं मी? त्याच बाईनं त्याचंही काढून घेतलं होतं, तीन महिने देणार नव्हती. बिचारा माझ्या दारात येऊन उभा राहिला, कमिशनर साहेब, माझी पाळी गेली, घर कसं चालवू. एक फोन केला. दुसऱ्या दिवशी कमरेला होतं!"

तो अभिमानानं हसला. आणि त्याच्या लक्षात आलं, की सगळे त्याच्याकडेच बघताहेत.

विल्मार एबेरच्या गस्तीच्या गाडीतला जोडीदार होता. पाच वर्षं दोघं एकाच तुंब्यातून येर्बाचा कडू चहा प्यायले होते. एप्रिलच्या सुरुवातीला तो गेला. हत्यार साफ करताना, असं खात्यानं सांगितलं. हत्यार साफ करताना, असं सगळ्या गावानं म्हटलं. दफनाच्या वेळी दार्विन जुना गणवेश चढवून गेला होता आणि बोललाही होता, एका निष्काळजी क्षणानं एक चांगला शिपाई नेला, असं काहीतरी. विल्मारची बायको ग्लादिस रडली होती, सगळ्या बायका रडल्या होत्या.

"तू होतास?" एबेर म्हणाला.

"काय मी होतो?"

"फोन करणारा. ग्लादिस मला म्हणाली होती, कुणीतरी वरून फोन केला, म्हणून मिळालं. कुणी, ते विल्मारनं तिला सांगितलं नाही. मोठं माणूस आहे, एवढंच म्हणाला." एबेर ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी कितीतरी दिवस प्रत्येक साहेबाच्या तोंडाकडे बघत होतो. हा असेल का, तो असेल का."

"तो तर... साफ करताना..."

"मामा."

"साफ करतानाच..."

"मामा, विल्मार आयुष्यात कधी हत्यार साफ करायचा नाही. त्याचं मी करायचो."

दार्विननं खुर्ची शोधली. ती मागेच होती, पण त्याच्या हाताला सापडेना. शेवटी एलिदानं त्याला दंडाला धरून बसवलं, जसं लहानपणी ओढ्याकाठी बसवायची, पायात काटा गेला की. आदेमार जाळीकडे गेला, काहीच न करता उभा राहिला आणि परत आला. रोसिनाला आत्तापर्यंत ज्याची चीड आली होती त्या माणसाच्या कपाळावर थंडीतही घाम आला होता.

"मला वाटलं, पोराचं घर चालेल," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते कळलं नाही.

*

सगळ्यात आधी माहेला सावरली. तिनं टेबलावरचा मामाचा फोन उचलून त्याच्यापुढे धरला.

"कार्दोसोला लाव."

"काय सांगू?"

"ते तू ठरव. पण आत्ता लाव. उद्या सकाळपर्यंत नाही थांबायचं."

दार्विननं एबेरकडे पाहिलं, जसा आरोपी वकिलाकडे बघतो. मग लावला. फोन त्यानं टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बोला साहेब!" कार्दोसो खुशीत होता, मागे फुटबॉलचा गोंगाट चालू होता. "काळजी करू नका, उद्या आठला तयार ठेवतो."

"नको."

"काय नको?"

"हत्यार. माझ्या भाच्याला देऊ नकोस."

गोंगाट बारीक झाला. "आता तुम्हीच तर म्हणालात, साहेब. मी शस्त्रागारातल्या माणसाला कळवून बसलो. मग आता कारण काय सांगू? कंबर परत दुखायला लागली?" तो हसला.

दार्विनचा चेहरा आक्रसला. इतक्या वर्षांचे सभ्य शब्द त्याच्या जिभेवर रांगेत उभे होते: थकवा, ताण, घरगुती कारण. त्यानं त्यातला एकेक उचलून पाहिला असावा. एबेर टेबलावर किंचित पुढे वाकला.

"आहे ते सांग, मामा."

"तो आजारी आहे," दार्विन म्हणाला. "मनानं. त्याला स्वतःपासूनच जिवाची भीती आहे आणि ती त्यानं स्वतः ओळखलीय. त्या बाई हो म्हणत नाहीत तोवर कुणाचाही फोन आला तरी द्यायचं नाही. माझा आला तरी. ऐकलंस? माझा आला तर मुळीच नाही."

पलीकडे फुटबॉलचा आवाज बंद झाला.

"साहेब," कार्दोसो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "हे विल्मारवरून म्हणताय का?"

तर त्यालाही माहीत होतं. माहेलानं फोन बंद केला.

मांस जळल्याचा वास आला. आदेमार म्हणाला, "मी बघतो," पण गेला नाही. त्याऐवजी तो पोराच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, चिमटा दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा झालेला हात एबेरच्या मानेवर ठेवला. नुसता ठेवला. त्याला पुढचं काही येत नव्हतं, पण काढलाही नाही.

"गुरुवारी जातोस ना त्या बाईंकडे?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी गाडी चालवीन. बाहेर बसेन. आत नाही येणार."

"ठीक आहे, बाबा."

दार्विन उठला. त्यानं खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला आणि एक बाही सापडेपर्यंत दोनदा चुकला.

"ग्लादिसचं घर कुठंसं?"

"आता?" एलिदा म्हणाली. "भाऊ, काहीतरी खा. जेवून जा."

"घर कुठंय, एबेर?"

"विटांच्या भट्टीमागे. हिरवं दार."

"तिला काय सांगणार आहेस?" माहेलानं विचारलं.

"माहीत नाही." तो फाटकापर्यंत गेला, कडीवर हात ठेवला आणि तिथंच थांबला. पाठमोरा. रुंद खांद्यांचा, उत्तम शिवलेल्या कोटातला, गावानं अजून टोपी काढून सलाम करावा असा. कडी काढायची ताकद त्याच्यात नव्हती, एवढं कुणालाही दिसलं असतं. एबेरला त्याहून थोडं जास्त दिसलं.

तो उठला.

"थांब, मामा. मी येतो."

"तू कशाला?"

"आज तुला एकटं नाही सोडायचं," एबेर म्हणाला, आणि मफलर गुंडाळायला लागला. हे बोलणं त्याच्या गुरुवारच्या खोलीतलं असावं, कारण त्या घरात असं कुणी कुणाला कधी म्हटलं नव्हतं.

रोसिना त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. तिच्या मनात प्रश्नांचा डोंगर होता, आणि रागही होता, पॉलिशच्या डबीपासून किल्लीच्या आवाजापर्यंत सगळा. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा हात सवयीनं त्याच्या कमरेकडे गेला. तिथं नुसता पट्टा होता आणि त्याच्यामागे त्याचं अंग, गरम.

"तासाभरात येतो," तो म्हणाला. "मग सगळं विचार. मी सांगेन."

"भट्टीमागे?"

"भट्टीमागे. हिरवं दार."

दोघं रस्त्यानं चालू लागले, म्हातारा थोडा मागे, भाचा त्याच्यासाठी थांबत. रोसिना ते वळेपर्यंत बघत राहिली. जूनपासून हा माणूस रोज तिच्या दारातून बाहेर पडत होता. आज पहिल्यांदा तो कुठे चाललाय, हे तिला माहीत होतं.